दारचें निनांवी लिंबूझाड कसें ओळखावें?

आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं विहिरीजवळ, न्हाणीच्या पाण्यावर किंवा गोठ्यामागें लिंबाच्या वर्गांतलें एखादें तरी झाड असतें. तें कोणीं लाविलें हें पुष्कळदां कोणासच आठवत नाहीं. आजोबांनीं कोठून रोप आणिलें, कीं खाऊन टाकिलेल्या फळाची बी रुजली, कीं विकत घेतलेलें कलम मरून खालचा खुंट तेवढा उरला, याचा कागद कोठेंच नसतो. घरांतील मंडळी त्यास नुसतें 'लिंबू' म्हणतात आणि वर्षाचें लोणचें झालें म्हणजे त्यांचें काम भागतें. तेवढ्यावर गोष्ट राहिली तर कोणाचेंच नुकसान नाहीं. नुकसान पुढें होतें. त्या झाडाची बी खुंटासाठीं पेरिली जाते, त्याचा डोळा काढून बागेंत बांधिला जातो, किंवा उलट चांगलें संत्र्याचें झाड 'पालटलें' म्हणून कुऱ्हाडीखालीं जातें.

आमच्या नागपूर-वऱ्हाडांत ही बाब किरकोळ नाहीं. नागपुरी संत्रें रघुजी भोसल्यांनीं औरंगाबादेहून आणवून आपल्या बागेंत लाविलें असें परंपरेनें सांगतात. पुढें तें काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर या बाजूस आणि अमरावती जिल्ह्यांत वरूड-मोर्शीकडे पसरलें. सन २०१४ मध्यें त्याच्या नांवास भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु हें संत्रें आज बहुधा आपल्या मुळावर उभें नसतें. तें जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा बांधून केलेलें असतें. म्हणजे फळ संत्र्याचें खरें, पण काळ्या जमिनींतून अन्नपाणी ओढणारें व चुनखडीशीं झगडणारें मूळ दुसऱ्याचें. म्हणून दारच्या आंबट झाडाची ओळख हा केवळ हौसेचा विषय नसून बागेच्या पायाचा विषय आहे.

आमचाच अनुभव सांगतों. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतांना गांवच्या अर्ध्या एकरांत संत्र्याचीं कलमें लावावीं असें आमच्या मनांत आलें. खुंटासाठीं बी हवी होती. नात्यांतील एका घरीं परसांत ओबडधोबड सालीच्या मोठ्या फळांचें एक जुनें झाड होतें. घरधनीण म्हणाल्या, "काकाजी, ही आमची जंबेरी. सासूबाईंच्या वेळची आहे." आम्हीं फळ पाहिलें, साल खडबडीत दिसली, आणि कांहीं शंका न घेतां टोपलीभर फळें उचलून आणिलीं. रोपें उगवलीं तीं एकसारखीं नव्हतीं. कोणी हातभर, तर कोणी वीतभर. आम्हीं तिकडे डोळेझांक केली आणि सर्वांवर संत्र्याचे डोळे बांधिले. पहिलीं तीन वर्षें ठीक गेलीं. चवथ्या पावसाळ्यांत बुंध्यांतून डिंक वाहूं लागला आणि सहाव्या वर्षीं पन्नास झाडांपैकीं निम्म्याहून अधिक गेलीं. तेव्हां कोठें आम्ही त्या परसांत पुन्हां गेलों आणि झाडाचें पान हातांत घेऊन नीट पाहिलें. तें झाड जंबेरी नव्हतेंच. तें महाळुंगाच्या वळणाचें होतें. पानावरची एक खूण आधीं पाहिली असती तर सहा वर्षें वांचलीं असतीं. ती खूण कोणती हें पुढें येईलच.

१. नांवावर विसंबूं नये

पहिली अडचण नांवांची आहे. ज्यास एका गांवीं ईडलिंबू म्हणतात त्यास शेजारच्या गांवीं गळलिंबू म्हणतात, आणि तिसऱ्या ठिकाणीं तेंच जंबेरी होतें. नारिंग हा शब्द कोणी गोड फळास लावितो, कोणी कडू फळास. साखरलिंबास मोसंबी समजणारेहि पुष्कळ आहेत. यांत शेतकऱ्याचा अडाणीपणा आहे असें मात्र समजूं नये, कारण पंडितांचीहि तीच अवस्था आहे. अमेरिकेचे स्विंगल यांनीं या वर्गांत १६ जाती धरल्या, तर जपानचे तनाका यांनीं १६२ मोजल्या.

एवढा फरक पडण्याचें कारण हें कीं, हीं झाडें एकमेकांशीं सहज संकर पावतात. अलीकडे आनुवंशिक तपासणीवरून असें दिसून आलें आहे कीं, मूळ घराणीं थोडींच आहेत. महाळुंग, पपनस व संत्रावर्ग हीं त्यांतील मुख्य होत. पपनस व संत्रावर्ग यांच्या संबंधापासून कडू नारिंग झालें. कडू नारिंग व महाळुंग यांपासून विलायती पिवळा लिंबू झाला. मोसंबीच्या अंगांतहि पपनस व संत्रावर्ग या दोहोंचें रक्त आहे. आमच्या कामाच्या जंबेरी व रंगपूर या दोहोंची उत्पत्ति संत्रावर्ग व महाळुंग यांच्या संकरांतली आहे. करवीरच्या महालक्ष्मीच्या हातीं जें फळ आहे, तेंच हें महाळुंग. जंबेरीच्या सालीवर महाळुंगाचा खडबडीतपणा कां, आणि रंगपुरीवर संत्र्याचा रंग कां, याचा उलगडा यावरून होतो. आम्ही फसलों तेंहि या साम्यामुळेंच.

२. झाडाची चतुःसीमा

महसुली कामांत शेताचा वाद निघाला म्हणजे नुसत्या नांवावर निकाल होत नाहीं. 'वडाचें वावर' म्हटलें तर एका गांवांत तीन निघतात. पूर्वेस कोणाचें शेत, पश्चिमेस कोणता नाला, उत्तरेस व दक्षिणेस काय, या चारहि बाजू जुळल्या म्हणजे जमीन ओळखली जाते. झाडाचेंहि तसेंच आहे. पान, पालवी व फूल, फळ आणि बी या त्याच्या चार सीमा होत. एक जुळली व तीन जुळल्या नाहींत, तर ओळख पटली असें समजूं नये.

पान. पान घ्यावयाचें तें फळ धरणाऱ्या फांदीच्या मध्यावरचें, पुरें वाढलेलें घ्यावें. सरळ वर धांवणाऱ्या पानसोटावरचें घेऊं नये, कारण तेथील पानें प्रमाणाबाहेर मोठीं असतात. प्रथम देठ पाहावा. या वर्गांतील बहुतेक झाडांच्या देठास दोन्ही बाजूंनीं लहान पंख असतात. ते रुंद आहेत, अरुंद आहेत, कीं नुसती रेघ आहे, हें टिपून ठेवावें. नंतर देठ व पान जेथें मिळतात तेथें बोट फिरवावें. बहुतेक जातींत तेथें स्पष्ट सांधा असतो आणि जून पान ओढलें असतां त्या सांध्यावर तुटतें. महाळुंगांत हा सांधा नसतो. देठ सरळ पानांत शिरतो. आम्हीं जी खूण पाहिली नाहीं ती हीच. शेवटीं पान चुरगाळून वास घ्यावा. संत्र्याच्या पानाचा वास एक, लिंबाच्या पानाचा दुसरा; दोन्ही पानें शेजारीं ठेवून हुंगलीं तर फरक लहान मुलासहि कळतो.

पालवी व फूल. कोंवळी पालवी हिरवी आहे कीं जांभळट, हें नव्या फुटीच्या वेळींच पाहावें. मागाहून रंग राहत नाहीं. महाळुंग, जंबेरी, विलायती लिंबू व रंगपूर यांच्या पालवीवर आणि कळीवर कमीअधिक जांभळी झांक असते. संत्रें, मोसंबी व पपनस यांची पालवी हिरवी आणि फूल शुभ्र असतें. आंबिया बहाराचीं फुलें जानेवारी-फेब्रुवारींत आणि मृगाचीं जून-जुलैंत येतात, म्हणून वर्षांतून दोनदां ही संधि मिळते.

फळ. फळ झाडावर पिकलेलें घ्यावें व सुरीनें आडवें कापावें. चार गोष्टी पाहाव्या: साल किती जाड आहे, ती फोडींपासून सुटते कीं चिकटून राहते, मध्यभागीं पोकळी आहे कीं भरीव आहे, आणि रस गोड, आंबट, कडवट यांपैकीं कसा आहे.

बी. ही सीमा बहुतेक लोक सोडून देतात, आणि खुंटासाठीं तीच सर्वांत महत्त्वाची आहे. बी रात्रभर पाण्यांत भिजवावी व सकाळीं वरचीं दोन्ही टरफलें नखानें काढावीं. आंतील दळ हिरवें आहे कीं पांढरें, तें पाहावें. मग दळ हलक्या हातानें उकलून आंत एकच अंकुर आहे कीं लहानमोठे अनेक आहेत, तें मोजावें. ज्या बींत अनेक अंकुर असतात त्यांतील बहुतेक मातेच्या अंगापासूनच झालेले असतात. त्यांस परागाचा संबंध नसतो. म्हणून अशा बियांचीं रोपें बहुधा मातेसारखीं व एकमेकांसारखीं निघतात. ज्या बींत एकच अंकुर असतो तो संकराचा असतो, आणि त्याचीं रोपें एका आईचीं असूनहि दहा तऱ्हेचीं होतात. आमच्या वाफ्यांतील हातभर व वीतभर रोपांचें रहस्य हेंच होतें.

कांट्यांविषयीं एक सूचना करणें जरूर आहे. केवळ कांट्यांवरून जात ठरवूं नये. बीपासून झालेलें कोणतेंहि झाड लहानपणीं कांटेरी असतें, संत्र्याचें सुद्धां.

३. कोणतें झाड कसें

संत्रें. पान निमुळतें, देठाचे पंख अगदीं अरुंद, फूल लहान व शुभ्र. कलमी झाडास कांटे जवळजवळ नसतात. फळाची साल सैल, हातानें सहज सुटते, मध्यें पोकळी. बीचें दळ हिरवें. ही हिरवी बी संत्रावर्गाची मोठी खूण आहे.

मोसंबी. ही खरोखर लिंबू नव्हे, गोड नारिंगाची जात आहे. देठाचे पंख संत्र्याहून स्पष्ट. साल फोडींस घट्ट चिकटलेली, तिच्यावर बहुधा उभ्या बारीक रेघा, मध्यभाग भरीव, बी आंतून पांढरी. साखरलिंबाची साल पिवळट व गुळगुळीत असते, आणि त्याचा रस आंबटपणा मुळींच नसल्यामुळें मचूळ लागतो.

कागदी लिंबू. पान लहान, देठाला लहान पण स्पष्ट पंख, कांटे बारीक व तीक्ष्ण. फळ गोल, साल कागदासारखी पातळ व चिकटलेली. बी लहान, आंतून पांढरी, बहुधा अनेक अंकुरांची.

जंबेरी. पालवी जांभळट, देठाला पंख नाहींसारखे, पण सांधा स्पष्ट. फळ पिवळें, साल खडबडीत, जाडसर व बऱ्यापैकीं सुटणारी, बोंडाकडे पुष्कळदां टोंक, मध्यें पोकळी, गर फिका पिवळा व आंबट. बिया पुष्कळ, लहान व अनेक अंकुरांच्या.

रंगपूर. ही सर्वांत फसवी. फळ पिकलें म्हणजे रंगानें संत्र्यासारखें, साल पातळ व सुटणारी, गरहि नारिंगी; अनोळखी मनुष्य गोड समजून फोड तोंडांत टाकतो आणि आंबटपणानें डोळे मिटतो. पालवीची व कळीची जांभळी झांक पाहिली म्हणजे फसगत होत नाहीं. फळें झाडावर फार दिवस टिकतात. बी लहान, फिकट हिरव्या दळाची, अनेक अंकुरांची.

महाळुंग. पान लांबट, कडेस दांते, देठाला पंख नाहींत व सांधाहि नाहीं. फळ मोठें, साल अतिशय जाड व आंतून पांढरी, गर थोडा. बींत एकच पांढरा अंकुर. मुरंब्यास व पूजेस उत्तम, खुंटास वर्ज्य. कारण बुंधा डिंक्या रोगास लौकर बळी पडतो.

पपनस. पान मोठें, देठाचे पंख फार रुंद, कोंवळ्या काड्यांवर लव. फळ डोक्याएवढें, साल जाड. बी मोठी, सुरकुतलेली, आंत एकच अंकुर.

कडू नारिंग. देठाचे पंख रुंद, पण पपनसापेक्षां पान लहान. फळ संत्र्यासारखें दिसतें. रस आंबट व कडवट, पिकल्यावर मध्यें पोकळी.

कलमाच्या बुडाशीं कधीं तीन पर्णिकांचें पान असलेला कांटेरी फुटवा दिसला, तर तो त्रिपर्णी खुंट समजावा. बेल व कवठ हे या घराण्याचे दूरचे भाऊबंद खरे, पण संत्र्याच्या कलमांतून त्यांचा फुटवा येणार नाहीं.

४. 'पालटलेलें' संत्रें

आमच्या आळींतील एका वृद्ध बाईंच्या अंगणांत संत्र्याचें झाड आहे. पूर्वीं त्यास गोड फळें येत. मागील बहारास निम्मीं फळें आंबट व खडबडीत निघालीं. कोणीं म्हटलें शेजारच्या लिंबाची बाधा, कोणीं म्हटलें अंगणांत कांहीं विटाळ झाला. कुऱ्हाडीचा माणूस ठरला. आम्ही सहज गेलों होतों, म्हणालों, "बाई, आजचा दिवस थांबा. झाड आम्हांस पाहूं द्या."

"पाहा, काकाजी," त्या म्हणाल्या, "पण पालटलेलें झाड दारीं ठेवूं नये म्हणतात."

बुंध्याशीं बसून माती बाजूस केली. जमिनीपासून वीतभर उंचीवर साल किंचित फुगलेली व दोन तऱ्हेची दिसत होती. तो डोळ्याचा जोड. त्याच्याहि खालून एक जाड फांदी निघून थेट शेंड्यापर्यंत गेली होती. तिच्या पालवीवर जांभळी झांक, अंगावर कांटे आणि आंबट फळें सारीं तिच्यावरच. जोडाच्या वरच्या फांद्या मात्र पंख असलेल्या निमुळत्या पानांच्या व संत्र्याच्याच होत्या, पण सावलींत दबून खंगल्या होत्या. झाड पालटलें नव्हतें. खालचा नोकर धन्याच्या डोक्यावर बसला होता. ती फांदी मुळाशीं खरडून कापिली व जखमेवर बोर्डो मलम लाविलें. यंदां फळें थोडीं आलीं, पण जीं आलीं तीं सर्व गोड आहेत. बाईंनीं पहिलीं पांच देवापुढें ठेविलीं.

हें लक्षांत ठेवावें कीं, शेजारच्या झाडाच्या परागानें फार तर आंतील बीचा वंश बदलतो; फळाचा गर संत्र्याचा लिंबू होत नाहीं. गोड झाडावर आंबट फळ दिसलें कीं आधीं जोड शोधावा आणि फांदी त्याच्या वरून निघाली कीं खालून, हें पाहावें. जोडाच्या वर कांहींच जिवंत नसेल, तर तें झाड आतां निव्वळ खुंट आहे. ठेवावयाचें तर लोणच्यासाठीं ठेवावें, पण त्यास संत्रें म्हणूं नये.

५. ओळख पटल्यावर काय करावें

जंबेरी किंवा रंगपूर ही ओळख चारहि सीमांनीं पटली, तरी रोपवाट्यांत निवड करावीच लागते. अनेक अंकुरांच्या बींतहि एखादा संकराचा अंकुर असतो. म्हणून फार उंच, फार खुजीं व पानांनीं वेगळीं दिसणारीं रोपें निर्दयपणें उपटून टाकावीं. उरलेल्या सारख्या रोपांवरच डोळा बांधावा आणि तो जमिनीपासून निदान वीतभर उंच असावा. जोड मातींत गेला म्हणजे डिंक्यास आमंत्रण दिलें असें समजावें.

दारच्या झाडाचा डोळा मात्र, तें कितीहि गोड असलें तरी, बागेसाठीं घेऊं नये. ट्रिस्टेझा व हरितरोग हे दोन्ही रोग डोळ्याबरोबर जातात. शिवाय पहिला मावा पसरवितो व दुसरा सायला कीड. झाड वरून निरोगी दिसत असतांहि आंत रोग असूं शकतो, आणि तो पान पाहून ओळखतां येत नाहीं. खुंट न पाहण्याचा परिणाम दक्षिण अमेरिकेनें भोगिला आहे. सन १९३० नंतरच्या दहापंधरा वर्षांत अर्जेंटिना व ब्राझील या देशांत कडू नारिंगाच्या खुंटावरचीं लक्षावधि गोड नारिंगाचीं झाडें ट्रिस्टेझानें वाळून गेलीं. वरचें झाड तेंच, पण जंबेरी किंवा रंगपूर यांसारख्या सोशिक खुंटावर असतें तर तगलें असतें. परसांतलें कडू नारिंग जंबेरी समजून पेरणाऱ्यानें ही गोष्ट मनांत वागवावी.

डोळे व कलमें प्रमाणित ठिकाणाहूनच घ्यावीं. नागपुरांत अमरावती मार्गावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे; सन १९०६ मध्यें स्थापन झालेलें कृषि महाविद्यालय येथेंच आहे; आणि अकोल्यास सन १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ आहे. संशय असल्यास तेथें विचारावें. नमुना न्यावयाचा तर पानांसह एक काडी, कोंवळ्या फुटीचें एक टोंक व दोन पिकलीं फळें कोरड्या कागदांत गुंडाळून न्यावीं. सोबत चिठ्ठींत झाड कोठें आहे, किती वर्षांचें आहे, बीपासून आहे कीं कलमी, आणि फुलें कोणत्या महिन्यांत येतात, हें लिहावें. अर्धी ओळख या चिठ्ठीनेंच होते.

कांहीं झाडें इतकें करूनहि चारपैकीं दोनच सीमा जुळवितात. तीं कोणत्या तरी दोन घराण्यांच्या संकराचीं असतात. त्यांस ओढूनताणून नांव देऊं नये. आमच्या दप्तरांत ज्या जमिनीचा मालक ठरत नसे तिच्यापुढें रकाना कोरा ठेवीत. चुकीचें नांव लिहिण्यापेक्षां तो कोरा रकाना पुढच्या कारकुनास अधिक उपयोगी पडे. झाडाच्या बाबतींतहि घरच्या वहींत 'निनांवी' असें लिहावें, खालीं चारहि खुणा टिपाव्या, आणि त्याची बी पेरूं नये.

असो. येत्या बहारास वाचकांनीं आपल्या परसांतील झाडाखालीं जावें, एक पान तोडून सांध्यावर बोट फिरवावें, आणि एक बी रात्रीं वाटींत भिजत घालावी. या कामास पैसा लागत नाहीं. आम्हीं तें केलें नाहीं म्हणून आम्हांस सहा वर्षें व अर्धा एकर मोजावा लागला.